चादरीतलं फूल आणि पडद्यावरचं मांजर

मे महिन्यात नात सुट्टीला सोलापूरला आली, तेव्हा तिच्या पिशवीत गोष्टीची पुस्तके कमी आणि वायरी जास्त होत्या. दुपारी ऊन असे चढलेले की बाहेर कुत्रेसुद्धा दिसू नये. अशा वेळी ती पंख्याखाली लॅपटॉप उघडून बसायची आणि पडद्यावर एका नारिंगी मांजराला नाचवायची. तिसऱ्या दिवशी मी विचारले, "काय गं, दिवसभर त्या मांजराला काय पळवतेस?" ती म्हणाली, "आजी, मी पळवत नाही. मी सांगते, आणि ते पळतं. तूही सांगून बघ."

मंडळी, माझे वय आता सत्तरीच्या पुढे. आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. बी.ए. मराठी माध्यमातून. संगणकाशी पहिली गाठ पडली ती एमएस-सीआयटीच्या निमित्ताने. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाले आणि पुढच्या काही वर्षांत आम्हा शिक्षकांनाही ती परीक्षा द्यावी लागली. निवृत्ती तोंडावर आलेली, माऊस हातात धरला की बाण पडद्याच्या बाहेर पळून जायचा! कशीबशी पास झाले. पुढे ईमेल, मराठी टंकलेखन, हे चार शब्द लिहिणे, एवढे जमले. पण प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे इंजिनिअरांचे काम, अशी माझी पक्की समजूत होती.

नातीने दाखवले त्याचे नाव स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केले आणि २००७ साली सर्वांसाठी खुले केले. त्यात काही लिहावे लागत नाही. रंगीत ठोकळे असतात. एकावर लिहिलेले असते 'दहा पावले चाल', दुसऱ्यावर 'पंधरा अंश वळ', तिसऱ्यावर 'इतक्या वेळा पुन्हा कर'. ते इंग्रजीत होते, पण तेवढे इंग्रजी मला येते. ठोकळे ओढून एकाखाली एक लावायचे, लहान मुलांच्या लेगोसारखे. खाचेत खाच बसली की ते जोडले जातात. हिरवा झेंडा दाबला की मांजर वरून खाली एकेक हुकूम पाळत जाते.

ऐकायला सोपे. पहिल्या दिवशी माझे ठोकळे जोडलेच जात नव्हते. दोन ठोकळ्यांत केसाएवढी फट राहायची आणि मांजर जागचे हलायचे नाही. दुसऱ्या दिवशी ते इतके हलले की पडद्याच्या कडेला जाऊन अडकले. मग नातीने पेन जोडून दिले. म्हणजे मांजर जाईल तिथे मागे रेघ उमटते. "आजी, आता त्रिकोण काढ."

त्रिकोण! समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा, हे मॅट्रिकला पाठ केलेले अजून लक्षात होते. मी ठोकळे लावले: तीन वेळा पुन्हा कर, शंभर पावले चाल, साठ अंश वळ. झेंडा दाबला. पडद्यावर एक उघड्या तोंडाचे भांडे आले, त्रिकोण काही मिटला नाही. मी तीनाचे चार केले, पाच केले. सहा केल्यावर आकृती मिटली, पण तो निघाला षट्कोन. नात हसत होती, पण उत्तर सांगत नव्हती. चांगली शिक्षिका होईल ती.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी अंगणात रांगोळीने त्रिकोण काढला आणि त्यावरून स्वतः चालू लागले. एका कोपऱ्याशी आले, थांबले, वळले, आणि तिथेच कळले. मी सरळ तोंड करून चालत आले होते. पुढच्या बाजूवर जायला मला साठ अंश वळून भागत नव्हते. जवळजवळ उलटेच फिरावे लागत होते. एकशेऐंशीतून साठ वजा, म्हणजे एकशेवीस. साठ अंशांचा कोन त्रिकोणाच्या आतला, कागदावर पाहणाऱ्याचा. चालणाऱ्याला बाहेरचा कोन लागतो. बाह्यकोन हा शब्द मी पन्नासएक वर्षांपूर्वी पाठ केला होता. पायाला कळला तो यंदाच्या मेमध्ये.

नंतर वाचनात आले की, मुलांनी असेच अंगाने शिकावे हा एका माणसाचा ध्यास होता. सिमूर पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. मुलांचे मन कसे शिकते याचा अभ्यास करणाऱ्या ज्याँ पियाजेंजवळ जिनिव्हाला त्यांनी काही वर्षे काम केले. १९६७ साली त्यांनी वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्या बरोबरीने लोगो नावाची मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. तिच्यात पुढे एक कासव आले. ते आधी जमिनीवर चालणारे यंत्र होते, नंतर पडद्यावर आले. कासव अडले की मुलांनी स्वतः कासव होऊन चालून बघावे, असे पॅपर्ट सांगत. स्क्रॅचचे मांजर हे त्या कासवाचेच वंशज. रेझ्निक यांनी पॅपर्टबरोबर काम केलेले आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने १९८४ साली 'क्लास' नावाची योजना आणून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक दिले होते. आमच्या शाळेपर्यंत काही तो आला नाही. असो.

त्रिकोण जमल्यावर मला हुरूप आला. सोलापूरकर बाई, नक्षी काढायची तर चादरीशिवाय काय सुचणार? मी ठरवले की चादरीच्या काठासारखी फुलांची ओळ काढायची. चुकून सापडलेला षट्कोन इथे उपयोगी पडला. तीस पावलांच्या बाजूचा षट्कोन काढायचा, साठ अंश वळायचे, पुन्हा षट्कोन. असे सहा वेळा केले की सहा पाकळ्यांचे फूल होते. मग पेन उचलायचे, एकशेवीस घरे उजवीकडे सरकायचे, मांजराचे तोंड पुन्हा उजवीकडे करायचे आणि दुसरे फूल. स्क्रॅचचा पडदा ४८० घरे रुंद असतो, म्हणजे बरोबर चार फुले बसतात. हा हिशेब मी वहीवर केला आणि स्वतःवरच खूश झाले.

झेंडा दाबला. चार फुले आली, पण प्रत्येक फूल एका बाजूने खाल्ल्यासारखे! नात झोपली होती. मी आधी मांजराला दोष दिला, मग पेनला, मग डोळ्यांतल्या मोतीबिंदूला. पुन्हा झेंडा दाबला, पुन्हा तेच. शेवटी चारही फुलांवर बोट ठेवून पाहिले, तर चारही ठिकाणी पाकळी तिथलीच गेलेली. वरच्या अंगाची, उजवीकडची. आणि एकदम कानात एक आवाज आला, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा: "बाई, सगळ्या फुलांत तिथंच आहे."

ही गोष्ट सांगायची तर आधी थोडा इतिहास सांगायला हवा.

आमच्या गावात १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली, तिला आम्ही जुनी गिरणी म्हणतो. गिरण्यांच्या आसपास आणि त्यांच्याही आधीपासून इथे हातमाग होते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी गावाचा पूर्व भाग वसवला आणि मागाच्या आवाजाने भरून टाकला. पुढे हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण सोलापुरी चादर आणि टॉवेल यांचे नाव राहिले. आता दोन्हींना भौगोलिक मानांकनही आहे. त्या चादरीवरची फुले छापलेली नसतात, विणलेली असतात. ती विणतो जॅकार्ड.

जॅकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेले यंत्र. फ्रान्समधल्या लिआँ शहरातल्या जोसेफ मारी जाकार्द याच्या नावावरून ते ओळखले जाते. १८०४ च्या सुमारास त्याने ते सिद्ध केले. एकट्याने नव्हे. त्याच्या आधी बूशाँने १७२५ साली भोके पाडलेली कागदाची गुंडाळी वापरली होती, फाल्कोने कार्डे आणली होती, व्होकांसाँने त्यात सुधारणा केली होती. त्याआधी नक्षीचे कापड विणायचे तर मागाशी एक पोरगा बसवत. कोणते उभे धागे वर उचलायचे ते ठरवून बांधलेल्या दोऱ्या तो प्रत्येक ओळीला ओढायचा. दिवसभर हेच. जाकार्दच्या यंत्राने त्या पोराची जागा घेतली.

यंत्राची युक्ती अशी. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. एकेक चौकोन म्हणजे धागा वर की खाली. मग कागदाच्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड. धागा वर उचलायचा असेल तिथे कार्डाला भोक, नसेल तिथे कोरा पुठ्ठा. कार्ड सुयांच्या रांगेवर दाबले जाते. भोक असेल तिथली सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि धाग्याला वर उचलतो. भोक नसेल तिथली सुई ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. उचललेल्या ताण्याखालून धोटा बाणा घेऊन जातो. एक ओळ विणून झाली की पुढचे कार्ड. ही शेकडो कार्डे दोऱ्याने एकमेकांना ओवून त्यांची माळ केलेली असते. शेवटचे कार्ड संपले की पहिले पुन्हा येते, आणि फूल पुन्हा उमलते.

हे लिहिताना मला माझेच हसू येते. एकाखाली एक हुकूम, आणि शेवटाला आले की पुन्हा पहिल्यापासून! हा तर नातीचा 'पुन्हा कर' ठोकळा. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर तो खडखडत होता आणि मी इतिहासाची शिक्षिका असून मला तो कधी दिसला नाही.

दुसऱ्या कोणाला मात्र तो दिसला होता. लंडनच्या चार्ल्स बॅबेज यांच्याकडे जाकार्दचे रेशमात विणलेले चित्र होते. ते विणायला सुमारे चोवीस हजार कार्डे लागली होती. पाहुण्यांना ते छापील चित्रच वाटे. बॅबेजनी १८३० च्या दशकात एका मोठ्या गणकयंत्राची कल्पना मांडली आणि त्याला हुकूम द्यायला जाकार्दची कार्डेच घेतली. एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली त्या यंत्रावर सविस्तर टिपणे लिहिली. जाकार्दचा माग जशी फुले-पाने विणतो तसे हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणेल, अशा अर्थाचे त्यांनी म्हटले आहे. बॅबेजचे ते यंत्र पूर्ण झाले नाही. पण भोकाची कल्पना मेली नाही. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी माणसांची माहिती कार्डांवर भोके पाडून मोजली. त्यांची कंपनी १९११ साली इतरांबरोबर एकत्र झाली आणि १९२४ पासून तिचे नाव आयबीएम झाले. पुढे कितीतरी वर्षे प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे कार्डांची चळत भोके पाडून तयार करणे हेच होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. म्हणून आमचे विणकर प्रोग्रॅमर होते, असे मी म्हणणार नाही. चादरीची माळ विचारत नाही. ती फक्त फिरते. स्क्रॅचमध्ये एक 'जर-तर'चा ठोकळा आहे, मांजर कडेला पोहोचले 'तर' मागे फिर, असा. तो जॅकार्डच्या माळेत नाही. बॅबेजच्या यंत्रात कार्डांचा एखादा गट मागे फिरवून पुन्हा वापरायची सोय होती आणि आलेल्या उत्तरावरून पुढचे ठरवण्याची कल्पनाही होती. मागातून संगणक निघाला तो तिथे. पण हुकूम लहान लहान करणे, ते क्रमाने लावणे, आणि चूक कुठे आहे ते कापडावरून ओळखणे, हे तिन्ही पूर्व भागात रोज चालत होते.

आता त्या आवाजाची गोष्ट.

साधारण १९७९ साल असेल. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. घरी तेलुगू बोलणारा, मराठी अडखळत. वडील जॅकार्डवर कामाला. आठवड्यातून दोन दिवस हा गैरहजर. विचारले तर खाली मान घालून म्हणायचा, "कार्डं ओवत होतो, बाई." भोके पाडलेली कार्डे क्रमाने लावून दोऱ्याने ओवायचे काम. बोटांना सदा दोऱ्याचे काप. इतिहासातल्या सनावळ्या त्याला कधी आल्या नाहीत. मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिला: 'बुद्धी बेताची. अभ्यासात लक्ष नाही.' तेव्हा असे शेरे आम्ही फार सहज लिहायचो.

त्या वर्षी शाळेत पाहुणे आले होते. आमच्याकडे सत्कार म्हणजे चादर ठरलेली. चादर उलगडून टेबलावर ठेवायला मी याच मुलाला सांगितले. त्याने ती उलगडली आणि मोठ्याने म्हणाला, "बाई, फुलात चूक आहे." सगळ्यांच्या माना वळल्या. मी जवळ जाऊन पाहिले. एका पाकळीच्या टोकाशी आडवी बारीक रेघ सरकलेली होती. दाखवल्याशिवाय दिसली नसती. मी दबक्या आवाजात म्हटले, "विणताना एखादा धागा चुकला असेल. गप्प बस." तो म्हणाला, "नाही बाई. विणणाऱ्याची चूक एकाच जागी येते. ही बघा, सगळ्या फुलांत तिथंच आहे. कार्ड चुकलंय." पाहुण्यांसमोर आगाऊपणा केला म्हणून मी त्याला वर्गाबाहेर उभे केले. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. पुढे त्याचे काय झाले, मी कधी चौकशी केली नाही.

आणि त्या मेच्या दुपारी, मोतीबिंदूला दोष देऊन झाल्यावर, मी माझ्या चार फुलांवर बोट फिरवत होते. चूक एकाच फुलात असती तर पडद्याला, पेनला बोल लावता आला असता. चारही फुलांत तिथेच, म्हणजे चूक काढण्यात नाही, हुकमात आहे. कार्ड चुकलंय. मी ठोकळे वरून खाली वाचत गेले. फुलाच्या 'पुन्हा कर'मध्ये सहाऐवजी पाच लिहिले होते. पहिली पाकळी आधीच झाली असे मनाशी धरून मी एक वजा केला होता! पाचाचे सहा केले. झेंडा दाबला. चार फुले पूर्ण उमलली.

आनंद झाला, खोटे कशाला सांगू. पण त्या आनंदाबरोबर घशात काही तरी अडकले. त्या पोराने सातवीत, कोणी न शिकवता, जे मला सांगितले ते मला समजायला हा सगळा काळ आणि एक नारिंगी मांजर लागले. चुकीच्या खुणेवरून चुकीच्या मुळाशी जाणे, याला बुद्धी म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात? ती बुद्धी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेली होती. माझ्या फुटपट्टीत तिला मोजायची खूणच नव्हती. लिआँच्या मागावरून दोऱ्या ओढणारा पोरगा यंत्राने मोकळा केला, हे मी एखादे वेळी वर्गात शिकवलेही असते. पण कार्डे ओवणारा पोरगा समोर होता, तो मी पाहिला नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आमच्याच जिल्ह्यातले, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे त्यांचे काम त्यामागे होते. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोड नीट पाहा. काळा चौकोन, पांढरा चौकोन. भोक आहे, भोक नाही. मला तर आता सगळीकडे चादरच दिसते!

माझे एकच म्हणणे आहे. कोडिंग शिकवायला कोणी आमच्या गावच्या शाळेत गेले, तर त्यांनी पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडू नये. मुलांना एक चादर उलगडायला सांगावी आणि विचारावे, हे फूल पुन्हा कुठे येते? वर्गातल्या कुणाच्या तरी आजोबांनी कार्डे ओवलेली असतील. त्या मुलाला पुढे बोलवावे. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले आहेत, नक्षी संगणकावरच होते, पुठ्ठ्याची कार्डे कमी होत चालली आहेत. ती पुरती जाण्याआधी हे व्हावे.

नात परत जायच्या आदल्या रात्री आम्ही दोघींनी कपाटातली जुनी चादर पलंगावर पसरली. ती बोटाने मोजत गेली, मी वहीत लिहीत गेले. एका जागी ती थांबली आणि म्हणाली, "आजी, इथं परत सुरू झालं." तिथे कार्डांची माळ संपून पहिले कार्ड आले होते. मी तिला त्या मुलाची गोष्ट सांगितली, शेऱ्यासकट. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू त्यांना सॉरी म्हणालीस का?"

नाही म्हणाले. कुठे असतील ते आता, साठीच्या आसपास? ओळखही पटणार नाही. तरी पूर्व भागातून रिक्षा जाते तेव्हा, मागाचा आवाज आला की, मी अलीकडे बाहेर बघत बसते.